शेतावरची झोळी

दिवाळी उलटली की सोलापुरातील सात रस्त्याच्या चौकातून ऊसतोडणीला निघालेल्या कुटुंबांच्या ट्रॉल्या जाताना दिसतात. ट्रॉलीत सरपणाची मोळी असते, भांडी असतात, एखादी शेळी असते आणि याच सामानात पटकुरात गुंडाळलेले तान्हे मूलही असते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुलाची नोंद त्या हिशेबात कोठेच नसते. तरीही हंगाम संपेपर्यंत ते फडात असते.

ऊसतोडीची गोष्ट डोळ्यांत भरते इतकेच. ज्वारीची काढणी असो, तुरीची कापणी असो की डाळिंबाच्या बागेतील खुरपणी असो, मजूर बाई मुलाला घेऊन येते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. बाईला कामावर बोलावले म्हणजे तिच्या मुलालाही बोलावले, असे समजूनच शेतमालकाने कामाची आखणी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा विचार नवा नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत, असे त्या वेळच्या सरकारी चौकशीत आढळून आले होते. आईच्या निष्ठुरपणामुळे हे घडत नव्हते. मुलाला ठेवण्यास जागाच नव्हती. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ३० वर आणली. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी व तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली होती. मूल सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, हे त्यात मान्य झाले. खाजगी शेतावर मात्र आठ-दहा बायका चार-आठ दिवसांपुरत्या येतात. तेथे सारे मालकाच्या समजुतीवर चालते.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने एके वर्षी ज्वारीच्या काढणीला हा प्रयोग केला. अकरा बायका व चार लहान मुले होती. शेजारच्या वस्तीवरील एका वयस्क बाईला त्याने पूर्ण मजुरी देऊन मुलांपाशी बसविले. पहिल्या दिवशी बायकांतच कुरकुर झाली. आम्ही उन्हात वाकायचे आणि हिने सावलीत बसून तेवढेच पैसे घ्यायचे, हा कोणता न्याय? दुसऱ्या दिवसापासून कुरकुर थांबली, कारण मूल रडले की पात सोडून बांधाकडे धावणे थांबले. म्हातारी अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला वेळेवर हाक मारी, बाकीच्यांचे तीच पाही. शेतकऱ्याने मला सांगितले, “साहेब, एक मजुरी जास्त गेली खरी, पण माझी पात मागं राहिली नाही.” हिशेबाची वही मी तपासली नाही. मात्र पुढील वर्षीही त्याने त्याच बाईला बोलावले, हे मी पाहिले आहे.

झोळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ती आपण फार सहज बांधतो. सकाळी झाडाची सावली पश्चिमेस पडते व दुपारनंतर पूर्वेकडे सरकते. सकाळी पश्चिमेच्या फांदीला बांधलेली झोळी दुपारी उन्हात येते आणि आई तेव्हा पातीच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणून दुपारच्या भाकरीच्या वेळी झोळी हलवावी. फांदी ओली व भक्कम असावी, तिच्यावर मुंग्यांची रांग नसावी. झोळी जमिनीपासून दीड-दोन फुटांहून उंच नसावी. लुगड्याचे दोन्ही काठ मुलाच्या तोंडावर मिटू नयेत म्हणून वरच्या बाजूस एक आडवी काठी अडकवावी. सहा महिन्यांपर्यंत मुलास आईच्या दुधाखेरीज काही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. पाणी आईने प्यावयाचे आहे. तेव्हा पाण्याचा डेरा झोळीजवळ ठेवावा, म्हणजे दोन्ही कामे एकाच फेरीत होतात.

रांगणाऱ्या आणि चालणाऱ्या मुलांचा धोका याहून मोठा आहे. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आज जागोजागी आहे. त्या अस्तरावर शेवाळ धरते, उतार निसरडा होतो आणि पोहता येणारा मोठा माणूसही तेथून वर येऊ शकत नाही. तळ्याभोवती कुंपण हवेच. काठावरील खुंटास बांधून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. उसाच्या फडात मूल पाचटावर निजवू नये. मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला ते दिसत नाही. मुलांची जागा गाडीवाटेपासून दूर, खुणेचे फडके लावून ठरवून द्यावी.

औषधफवारणीबाबत माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी एका डाळिंबाच्या बागेत मी फवारणीचे प्रात्यक्षिक दाखवीत होतो. औषध मोजून झाल्यावर मोजण्याचे झाकण मी बांधावर ठेवले आणि पंपाची नळी समजावून सांगू लागलो. दोन वर्षांच्या एका मुलीने ते उचलून तोंडात घातले. तिच्या थोरल्या बहिणीने पाहिले म्हणून कळले. मुलीचे तोंड, हात धुऊन, औषधाची बाटली बरोबर घेऊन आम्ही तिला रुग्णालयात नेले. मुलगी वाचली. डॉक्टरांनी सर्वांत आधी बाटलीवरील नाव विचारले, हे तेव्हापासून माझ्या पक्के लक्षात आहे. विषबाधेच्या वेळी डबा वा बाटली लेबलासह बरोबर न्यावी, मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फवारणीच्या दिवशी त्या रानात मुले असूच नयेत. रिकाम्या बाटल्या पाण्यासाठी वापरू देऊ नयेत.

त्या थोरल्या बहिणीचे वय नऊ वर्षे होते व तो शाळेचा दिवस होता. धाकटीला सांभाळण्यासाठी तिला शाळेतून थांबविले होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण आली. पाठचे भावंड कडेवर असलेली मुलगी शाळेत येणार कशी? त्यांनी पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात आणली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपल्याला तेवढे करावयाचे नाही. काढणीच्या आधी गावात बैठक घेताना मजुरीचा दर ठरतो, त्याच वेळी किती मुले येणार हे विचारावे आणि सांभाळणाऱ्या बाईचे नाव ठरवावे. दोन-तीन शेजारी शेतकऱ्यांनी तिची मजुरी वाटून घेतल्यास भार हलका होतो. मुलांची जागा मग सामाईक बांधावरील लिंबाखाली करावी, आणि विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधून घ्यावा.