सुविचार फळ्यावरचा आणि पत्रातला

शाळेच्या फळ्यावर, दिनदर्शिकेच्या पानावर आणि आता रोज सकाळी फोनवरसुद्धा सुविचार असतो. आपण तो वाचतो, मान डोलावतो आणि कुकर लावायला जातो. पण महिला मंडळाच्या अंकासाठी चार ओळी लिहायच्या असल्या, किंवा कुणाला सांत्वनाचं पत्र पाठवायचं असलं, की नेमका तोच हाताशी येतो. तिथे मात्र तो जपून वापरावा लागतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी सूत्राची व्याख्या केली आहे. अक्षरं थोडी, अर्थाविषयी शंका नाही आणि सार भरपूर. अर्धी मात्रा वाचली तरी व्याकरणकारांना मुलगा झाल्याइतका आनंद होई, असं म्हणतात. (मुलगी झाल्याइतका का नाही, हे विचारायला तिथे कुणी बाई नसावी!)

आधी उलगडा, मग वापरा

थोडक्यात सांगितलेलं उलगडायचं कसं, याचा धडा आपल्या विदर्भातच आहे. वर्ध्याशेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं क्षेत्र. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींची वचनं केसोबासांनी 'सूत्रपाठा'त एकत्र केली. त्यांच्याच 'दृष्टांतपाठा'त आधी सूत्र येतं, मग एक साधी गोष्ट आणि शेवटी ती गोष्ट मूळ विचाराला कशी लागू पडते, ते येतं. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. चक्रधरांच्या शिष्यांमध्ये महदाइसा होती. ही मराठीतली आद्य कवयित्री. कळेपर्यंत प्रश्न विचारायची तिची सवय प्रसिद्ध आहे. तिच्यासारखं विचारायला आपणही लाजू नये.

हीच रीत आपल्या लिखाणात लावून पाहा. 'थेंबे थेंबे तळे साचे, म्हणून प्रत्येकीने बचत करावी,' हे वाक्य कुणीही लिहील आणि कुणीही विसरेल. त्याऐवजी लिहा : 'दर आठवड्याला भाजीच्या पैशांतून वीस रुपये डब्यात टाकले, तर वर्षाला एक हजार चाळीस होतात. तेवढ्यात लेकीची वह्या-पुस्तकं येतात.' आता म्हण शेवटी घातली तरी चालेल, गाळली तरी बिघडत नाही. वाचणारीला मुद्दा पटलेला असतो.

एका माणसासाठी लिहिलेला विचार

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाशी जोडलेली एक हकीकत यासाठी फार बोलकी आहे. आनंद हिंगोरानी यांची पत्नी विद्या वारली आणि ते खचून गेले. त्यांच्यासाठी गांधीजींनी नोव्हेंबर 1944 पासून रोज एक छोटा विचार लिहायला सुरुवात केली आणि जवळजवळ दोन वर्षं हा नेम चालवला. पुढे 'बापू के आशीर्वाद' या नावाने ते पुस्तक झालं. आज आपल्याला ते सगळ्यांसाठीचे सुविचार वाटतात. पण लिहिताना समोर एक दुःखी माणूस होता, आणि त्याचं दुःख लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

आता घरातलंच उदाहरण घ्या. समजा, सासरी गेलेल्या मुलीने लिहिलं, 'आई, इथे मला फार घालूनपाडून बोलतात.' आईने उत्तरात 'पदरी पडलं पवित्र झालं' किंवा 'दिल्या घरी सुखी राहा' असं लिहून पाठवलं. आईच्या मनात माया असेलही. पण मुलीला त्यातून एवढंच कळतं, की आता पुन्हा हा विषय काढायचा नाही. पुढच्या पत्रात ती 'मी मजेत आहे' असं लिहील, आणि आईला खरं काय ते कधीच कळणार नाही. म्हणींमध्ये पिढ्यांचं शहाणपण असतं हे खरं, पण बाईला गप्प बसवण्याची सोयही पुष्कळ म्हणींमध्ये असते. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारावं : हे वाचून ती पुढे बोलेल, की बोलणं थांबवेल? थांबवणार असेल तर म्हण बाजूला ठेवा आणि सरळ लिहा, 'काय झालं ते सविस्तर कळव. मी येऊ का?'

नाव कुणाचं?

आणखी एक काळजी घ्यावी. जगात हवा असलेला बदल आधी स्वतःत घडवा, हे वाक्य गांधीजींच्या नावावर सर्रास छापलं जातं. त्या अर्थाचं त्यांनी 1913 मध्ये लिहिलं आहे, पण हे सुटसुटीत शब्द त्यांच्या लिखाणात सापडत नाहीत. तेव्हा फोनवर आलेल्या वचनाखाली नाव आहे म्हणून ते खरंच असेल, असं धरून चालू नये. ग्रंथालयात मूळ पुस्तक पाहता आलं तर उत्तम. नाहीतर नाव न घालता विचार आपल्या शब्दांत मांडावा.

हे लक्षात ठेवा

– एका लेखात एकच सुविचार पुरे. मिठासारखं आहे ते.

– सुरुवात सुविचाराने करू नका. आधी हकीकत सांगा.

– सांत्वनाच्या पत्रात शक्यतो वचन नकोच. गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहा.

– आवडलेलं वचन वहीत उतरवताना ते कुठे वाचलं, हेही लिहा आणि खाली दोन रेघा मोकळ्या सोडा. त्याचा आपल्याला कधी प्रत्यय आला, तर ती गोष्ट तिथे भरा. अंकासाठी लेख मागितला गेला की आधी हीच वही उघडावी.