दगडही झिजतो

भोईवाड्यातल्या एका जुन्या चाळीच्या दगडी जोत्यात पिंपळाचे रोप उगवले आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचा शेंडा छाटतात आणि ऑगस्टपर्यंत ते पुन्हा हिरवेगार होते. शाळा सुटल्यावर तिथून जाताना सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "टीचर, एवढंसं झाड दगड कसं काय फोडतं?"

खरे तर झाड एकटे दगड फोडत नाही. आधी झालेल्या बारीक भेगेत ते मूळ घालते आणि मूळ जाड झाले की भेग रुंदावते. भूगोलाच्या पुस्तकात याला जैविक विदारण म्हणतात. पण मुळात ती भेग पाडतात ऊन आणि पाणी.

मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेला लाव्हा थंड होऊन तो बनला. दिवसा तो तापून प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि दगडातल्या खनिजांची हळूहळू माती करते. दगडातले लोह गंजते, म्हणून जुना दगड तांबूस दिसतो. कोपऱ्यांवर हा मारा दोन-तीन बाजूंनी होतो, त्यामुळे कोपरे आधी झिजतात आणि धोंडे गोल होतात. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे असे धोंडे दिसतात.

समुद्राकाठी मिठाची भर पडते. खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, वाळते आणि मिठाचे स्फटिक आतून दाब देतात. घराच्या भिंतीला लोणा लागून पोपडे पडतात, तसेच हे. हाजी अलीच्या दर्ग्याला चारही बाजूंनी समुद्र असल्याने तिथल्या संगमरवराची देखभाल कधी संपत नाही.

ही झीज म्हणजे नुसते नुकसान नाही. याच बेसॉल्टची झीज होऊन देशावरची काळी कसदार माती तयार झाली. कोकणातला जांभाही अशाच रासायनिक विदारणातून बनला. रत्नागिरीकडची आपली कितीतरी घरे आणि मशिदी त्याच्याच चिऱ्यांनी उभ्या आहेत. दगड कायमचा दगडच राहिला असता तर ज्वारी कुठे पिकली असती? सूरह बकरामध्ये कठोर झालेल्या अंतःकरणांची तुलना दगडाशी केली आहे आणि काही दगडांतून तर पाणी फुटते, याचीही आठवण दिली आहे. अल्लाहच्या सृष्टीत दगडालाही नरम व्हावे लागते.

मात्र नरम झालेला डोंगर पायथ्याच्या वस्तीला घातक ठरू शकतो. घट्ट खडकावर झिजलेल्या दगडमातीचा सैल थर असतो. मुसळधार पावसात तो पाणी पितो, जड होतो आणि उतारावरून सुटतो. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी अशाच दरडींखाली गेली. अनेक घरांत रडायलाही कोणी उरले नाही.

मुंबईतही डोंगरउतारावर हजारो कुटुंबे राहतात. आपले नातेवाईक तिथे असतील तर त्यांना इतके जरूर सांगा: जमिनीत नवी भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कलला, संरक्षक भिंत फुगली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर सामान आवरत बसू नका. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन बाहेर पडा. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

आणि तो पिंपळ? नुसता शेंडा छाटून भागत नाही, कारण मूळ आत वाढतच राहते. मूळ काढून भेग बुजवावी लागते, आणि हे काम पावसाळ्याआधी करावे लागते. त्या मुलीने घरी जाऊन हे वडिलांना सांगितले. आता चाळीच्या बैठकीत तो विषय निघणार आहे.