दुसऱ्या गीतसंग्रहाची परीक्षा



चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी सुटीच्या दिवशीं मित्रांसह गिटार वाजवितो. त्यांच्या बँडचा, म्हणजे आपल्या भाषेंत मेळ्याचा, पहिला गीतसंग्रह निघाला आणि त्यावर 'परकीयांची नक्कल' असा शेरा पडला. "मास्तर, दुसरा काढावा कीं थांबावें?" असें त्यानें मला विचारलें. त्यास मीं मुंबईच्या 'रॉक मशीन' या मेळ्याची हकीकत सांगितली. तीच आज आपणांस सांगतों.

हा मेळा १९८४ सालचा. आरंभीं हे तरुण, त्या काळच्या रिवाजाप्रमाणें, विलायती मेळ्यांचीं गाणीं वाजवीत. १९८८ सालीं त्यांनीं स्वतः रचलेल्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा संग्रह काढला, आणि १९९० सालीं 'द सेकंड कमिंग' हा दुसरा.

पहिल्या संग्रहास नवलाईचें कवच असतें. दुसऱ्या वेळीं तें गळून पडतें. वर्षानुवर्षें सांठविलेलीं गाणीं पहिल्यांत खर्चीं पडलेलीं असतात, नवीं थोड्या अवधींत रचावीं लागतात. आणि टीकाकार विचारतो, यांत तुमचें स्वतःचें काय? 'द सेकंड कमिंग'ची घडण पाश्चात्त्य हार्ड रॉकचीच असल्यामुळें हा प्रश्न टळण्याजोगा नव्हता.

पुढें १९९३ सालीं मेळ्यानें आपलें नांवच बदलून 'इंडस क्रीड', म्हणजे जणूं सिंधूचा पंथ, असें घेतलें. त्याच वर्षीं एम्. टी. व्ही.च्या पारितोषिकांत आशियांतील प्रेक्षकांची पसंती त्यांस लाभली, आणि १९९५ सालीं तिसरा संग्रह या नव्या नांवानें निघाला.

परकें तें टाकाऊ, हा निकाल घाईचा असतो. आकाशवाणीनेंच १९४० सालीं बाजाची पेटी वर्ज्य ठरविली होती. आज पेटीवांचून आपली भजनाची बैठक जमत नाहीं. केशवसुतांनीं इंग्रजी सॉनेट मराठींत आणलें, तें आपलें सुनीत झालें. परंतु यावरून टीकाकार चुकला असें मात्र मानूं नये. त्यानें प्रश्न विचारला नसता, तर उत्तर शोधण्याची गरजच कोणास भासली नसती.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यास मीं म्हटलें, "बाबा रे, दुसरा अवश्य काढ, पण रात्रपाळीवरून परततांना तुझ्या कानांत जें घुमत असतें, तें त्यांत येऊं दे."