सकाळी कामावर, संध्याकाळी हजेरीला. सांगानेरचे खुले कारागृह कसे चालते?

तुरुंग म्हटले की उंच भिंती आणि गज डोळ्यांसमोर येतात. जयपूरजवळच्या सांगानेरमधील संपूर्णानंद खुले बंदी शिबिर मात्र वेगळे आहे. १९६३ पासून सुरू असलेल्या या शिबिरात शिक्षा भोगणारे कैदी कुटुंबासह राहतात.

दिवस कसा जातो?
सकाळची हजेरी झाली की कैदी शहरात कामाला जातात. कुणी मजुरी करतो, कुणी रखवालदारी. मुले शाळेत जातात. संध्याकाळच्या हजेरीला मात्र परतावेच लागते.

खर्च कोण करते?
स्वतः कैदीच. किराणा, वीजबिल सारे कमाईतून. रोजच्या कारभारात कैद्यांची ‘बंदी पंचायत’ लक्ष घालते.

प्रवेश कोणाला?
१९७२ च्या नियमांनुसार, साधारण एक तृतीयांश शिक्षा भोगलेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या कैद्यांची समिती निवड करते.

महाराष्ट्रात काय?
येरवडा, पैठण येथील खुल्या कारागृहांत कैदी प्रामुख्याने शेती करतात.

खरी अडचण कोणती?
काम मिळवणे. ‘कैदी आहे’ एवढे कळले तरी अनेक दारे बंद होतात. आणि काम नसेल, तर इथे चूल पेटत नाही.