नवा गेमिंग पीसी मध्येच अडकतोय? पार्ट बदलण्याआधी वही काढा



असेंबल्ड पीसीच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, नवा पीसी बनवून दिला. कस्टमर म्हणतो मध्येच हँग होतो. दुकानात आणला की नीट चालतो. काय करू?"

आधी माझी फजिती सांगतो. दुकान उघडून सहा महिने झाले होते. एका इंजिनिअरिंगच्या मुलाला ७२,००० रुपयांचा गेमिंग पीसी बनवून दिला. त्यात मला सुटणार होते ४,०००. चौथ्या दिवशी फोन आला, "दादा, गेम खेळताना स्क्रीन जागच्या जागी थांबते, आवाज घर्र करून अडकतो. बटण दाबून बंद करावा लागतो."

मी काय केलं? एकाच दुपारी विंडोज नवीन टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला आणि वर एसएमपीएसही नवा लावला. दोन दिवस पीसी मस्त चालला. तिसऱ्या दिवशी परत फोन. या वेळी वडील बोलत होते, "आमच्या पोराला जुना माल बांधून दिलाय का तुम्ही?"

बघा, नव्या दुकानदारासाठी ४,००० रुपयांपेक्षा हे वाक्य महाग असतं. म्हणून ही पद्धत नीट समजून घ्या.

१. "हँग होतो" म्हणजे नक्की काय होतं?

कस्टमर सगळ्यालाच हँग म्हणतो. तुम्ही खोदून विचारा.

- स्क्रीन थांबली, आवाज अडकला आणि कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा बदलत नाही: पूर्ण मशीन अडकलंय. रॅम, बायॉस सेटिंग, प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा पॉवरकडे बघा.
- माउस हलतो, पण काहीच उघडत नाही: एसएसडीवर संशय घ्या.
- स्क्रीन काळी, पण आवाज चालू: ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल.
- फक्त गेम बंद पडून डेस्कटॉप येतो: गेम, ड्रायव्हर किंवा रॅम.
- आपोआप रिस्टार्ट होतो: पॉवर आणि तापमान आधी बघा.

हा शेवटचा निकाल नाही, शोध कुठून सुरू करायचा एवढंच यावरून कळतं. सोबत हेही विचारा: किती वेळाने अडकतो? गेममध्येच की नुसता चालू ठेवला तरी? घरी कुठल्या बोर्डाला लावलाय, अर्थिंग आहे का, मध्ये छोटा यूपीएस आहे का? दुकानात चालतो आणि घरी नाही, तर फरक कधीकधी भिंतीतल्या सॉकेटमध्येच असतो.

२. फुकटातल्या तपासण्या आधी

विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे "कर्नल पॉवर ४१" दिसलं की बरेच जण लगेच म्हणतात, एसएमपीएस गेला. तसं नाही. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन परत चालू झालं. अडकलेला पीसी तुम्ही बटण दाबून बंद केलात तरी तीच नोंद येते. त्यापेक्षा "व्हिया लॉगर" नावाची नोंद शोधा. ती असेल तर हार्डवेअरनेच चूक कळवली आहे.

मग केस उघडा. दोन रॅम असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. ग्राफिक्स कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन तोंडं लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल द्या. प्रोसेसरची पॉवर केबल पूर्ण आत बसली आहे का बघा. कूलरखालचं प्लास्टिक काढायचं राहिलं नाही ना? हसू नका, असं होतं.

त्यानंतर बायॉस अपडेट. याला कमी लेखू नका. २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं की सुरक्षेसाठीच्या एफटीपीएम या सोयीमुळे काही रायझन मशीन अधूनमधून क्षणभर अडखळतात. त्यावर उपाय बायॉस अपडेटचा होता. २०२४ मध्ये इंटेलने १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या व्होल्टेजच्या गडबडीसाठी बायॉसमधूनच दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण अपडेटच्या आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतच पाठवावा लागतो.

३. रॅम: नव्या पीसीतला पहिला संशयित

रॅमच्या पाकिटावर ३६०० किंवा ६००० असा मोठा आकडा असतो. तो वेग मिळवायला बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो. ते न करता रॅम कमी वेगाने चालते, उदाहरणार्थ ६०००ची डीडीआर५ बऱ्याचदा ४८०० वर. म्हणजे पाकिटावरचा वेग हा एक प्रकारचा ओव्हरक्लॉक आहे. रॅम, प्रोसेसर आणि बोर्ड या तिघांचं जमलं तरच तो टिकतो.

म्हणून एक्सएमपी बंद करून पीसी वापरून बघा. खर्च शून्य. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात. एकही चूक दिसली तर ती किरकोळ समजू नका.

माझ्या त्या पीसीत हेच निघालं. ३५० रुपये वाचवायला मी १६ जीबीचा जोडसंच न घेता ८-८ जीबीच्या दोन सुट्या रॅम घेतल्या होत्या. कंपनी तीच, आकडा तोच. एकेक लावली की मेमटेस्ट पास. एक्सएमपी बंद ठेवून दोन्ही लावल्या तरी पास. एक्सएमपी चालू करून दोन्ही लावल्या की चुका. जोडसंचातल्या रॅम कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात, सुट्या दोघींची तशी हमी नसते. जोडसंच लावला आणि तक्रार संपली.

४. एका वेळी एकच बदल

माझी खरी चूक रॅमची नव्हती. एका दुपारी तीन गोष्टी बदलल्या ही चूक होती. पीसी त्यातल्या कशाने बरा झाला, की मुळात झालाच नाही, हे कळायला मार्गच उरला नाही.

आता दुकानात वही आहे. तारीख, काय बदललं, किती तास चालला, अडकला का. एवढंच.

आणखी एक नियम पाळा. पीसी दोन दिवसांतून एकदा अडकत असेल तर एक दिवस नीट चालला याला अर्थ नाही. नेहमी जितक्या वेळाने अडकतो त्याच्या निदान तिप्पट वेळ थांबा. कारण सापडलं असं वाटलं तर जुनं सेटिंग किंवा जुना पार्ट परत लावा. त्रास परत आला, तर तुमचं निदान पक्कं.

५. आता हिशोब

बीबीएला असताना रीवर्क कॉस्ट परीक्षेपुरती पाठ केली होती. समजली ती इथे.

- अपेक्षित नफा: ४,०००
- विनाकारण बदललेला एसएमपीएस: ३,८००. सील फुटलेला, डीलरने परत घेतला नाही.
- चार फेऱ्यांचं पेट्रोल: ६००
- शिल्लक: ४०० रुपये तोटा

तीन दिवसांची मजुरी यात धरलेलीच नाही. आणि सुरुवात झाली कशी, तर ३५० रुपये वाचवून!

डिलिव्हरीआधी माझा आजचा नियम

१. बायॉस अपडेट, नंतर एक्सएमपी.
२. एक रात्र मेमटेस्ट.
३. दोन तास गेम किंवा जड लोड, तापमानाची नोंद ठेवून.
४. एक रात्र नुसता चालू. काही मशीन लोडवर चालतात आणि रिकामी असताना अडकतात.
५. या नोंदींचा कागद कस्टमरच्या हातात.

यात दोन रात्री जातात. म्हणून "उद्याच देतो" म्हणू नका, तीन दिवसांचा वायदा करा. घाईचं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

त्या वडिलांना मी ती वही दाखवली आणि सुटी रॅम घेण्याची चूक माझीच होती हेही सांगितलं. ते फार काही बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये पुतण्याचा पीसी बांधायला मात्र माझ्याकडेच आले.

तर मंडळी, आजच शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर पहिल्या पीसीचं नाव लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.