किलोमागे किती दिवस?

९०५, १,८०८ आणि ४,२०२. हे तीन आकडे ग्रॅममध्ये आहेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची मांसल पिल्लं एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवली गेली आणि ५६व्या दिवशी त्यांची ही वजनं भरली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातली खरी गोम ‘एकाच खाद्यावर’ या शब्दांत आहे. ‘ब्रॉयलरला इंजेक्शन मारून फुगवतात’ असं चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगणाऱ्याला हे आकडे दाखवावेत. दाणा सगळ्यांना सारखाच होता, फरक पडला तो निवड पद्धतीच्या पैदाशीने. पन्नासेक वर्षांत कोंबडीचा स्वभावच बदलला: खायचं, बसायचं, वाढायचं.

परसात ५० पिल्लं सोडू पाहणारा बहुतेक वेळा विचारतो, ‘कोणती जात जास्त वजन देते?’ माझ्या मते आधी दिवस विचारावेत. पक्षी वाढो न वाढो, जिवंत राहण्यासाठी तो रोज काही ग्रॅम दाणा जाळतोच. ब्रॉयलर हे रोजचं भाडं ४२ दिवस भरतो, सुधारित गावरान ११०-१२० दिवस आणि कडकनाथ दीडशेच्या पुढे. एक किलो वजनाला किती किलो दाणा लागतो, हे बरंचसं यावरच ठरतं.

हिशेब मांडून पाहू. भाव गणितापुरते धरले आहेत, तुमच्या बाजारचे घालून घ्या: पिल्लू ४० रुपये, कंपनीचं खाद्य किलोला ४० रुपये, घरचा भरडा-कोंडा-कण्या २२ रुपये.

५० ब्रॉयलर आणले, ३ मेले, ४७ राहिले. सहा आठवड्यांत सरासरी २.२ किलो म्हणजे १०३ किलो जिवंत वजन. किलोला १.७ किलो खाद्य धरलं तर १७६ किलो, साडेतीन पोती. पिल्लं आणि खाद्य मिळून ९,०४० रुपये, जिवंत किलोला ८७. सोललेलं मांस ७० टक्के धरलं तर किलोला सुमारे १२५ रुपये. पण हा पक्षी उकिरडा उकरायला फारसा जात नाही. एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकून मरतो, तोही वजन भरल्यावर, म्हणजे सगळा दाणा पोटात गेल्यावर. म्हणून घरच्या मांसासाठी ब्रॉयलर करायचाच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

आता वनराजा किंवा गिरिराजा. पहिली जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, दुसरी बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. दोन्ही मुळात परसासाठीच तयार केलेल्या: रंगीत पिसं, लांब पाय, चरायची हौस. ५० पिल्लांतली १० मुंगूस, घार आणि आजारात गेली असं धरू. उरलेली ४० सोळा आठवड्यांत सरासरी दीड किलोची झाली, म्हणजे ६० किलो. पहिले सहा आठवडे ब्रूडरजवळ एकूण ७५ किलो विकतचं खाद्य, पुढचे दहा आठवडे दिवसाला पक्ष्यामागे ४० ग्रॅम घरचा भरडा, बाकी किडे, गवत, सांडलेलं धान्य. पिल्लांसकट खर्च ७,४६४ रुपये, जिवंत किलोला १२४.

हेच पक्षी कोंडून पूर्ण विकतच्या खाद्यावर वाढवले तर? किलोमागे ४ किलो दाणा धरला तरी खर्च ११,६०० होतो, किलोला १९३. मधल्या ६९ रुपयांचा फरक म्हणजे तुमच्या परसाची किंमत. ज्याच्याकडे परस नाही, शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्याशी भांडण आहे, त्याने ‘फ्री रेंज’च्या नादी लागू नये.

मुंगसाचाही दर काढता येतो. खुराड्याला बारीक जाळी मारली, कडीसकट दार बसवलं, दिवेलागणीला पक्षी मोजून आत घेतले आणि मरतूक १० वरून ३ वर आणली, तर तोच खर्च किलोला ११२ वर येतो. इतक्या स्वस्तात १२ रुपये वाचवणारा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. जात निवडताना लोक महिना घालवतात आणि दाराला सुतळी बांधतात.

कडकनाथचं गणित कडवट आहे. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात ‘पिल्लं घ्या, पक्षी आम्ही परत घेऊ’ या योजनांतली फसवणूक उघड झाली. कागदावर साधा भागाकार केला असता तरी धोका दिसला असता. पाच महिन्यांत १.२ किलो आणि रोज सरासरी ५५ ग्रॅम दाणा धरला, तर एका पक्ष्याने सव्वाआठ किलो खाल्ला. पोत्यातला असेल तर निव्वळ खाद्याचे किलोला २७५ रुपये. गिऱ्हाईक पक्कं असेल तरच हा पक्षी परवडतो, पिल्लं विकणाऱ्याचा शब्द म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. त्याची जमेची बाजू वेगळी: तो शुद्ध जातीचा असल्याने त्याच्या पिल्लांत तेच गुण उतरतात. ब्रॉयलर आणि वनराजा संकरित, त्यांची अंडी उबवून तोच पक्षी मिळत नाही. दरवेळी पिल्लं विकतच आणावी लागतात.

जास्त दिवस म्हणजे जास्त लसीही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्याच्या सुमारास गंबोरो हे सगळ्यांनाच. पण मानमोडीची म्हणजे राणीखेतची आर-टू-बी लस आठव्या आठवड्यात, आणि ब्रॉयलर तोवर ताटात गेलेला असतो. कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते, विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर ती वाया जात नाही.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालतं: बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पांगली तर उकडतंय.

राहिली तारीख. गटारीला आणि यात्रेला कोंबड्याला मागणी असते, श्रावण लागला की भाव बसतो. जुलैअखेर विकायचं असेल तर ब्रॉयलरची पिल्लं जूनच्या मध्याला, ऐन पावसात आणावी लागतात आणि बल्ब रात्रंदिवस जळतो. वनराजाची मात्र मार्चअखेर. तेव्हा ऊब फुकट मिळते, जून उजाडेपर्यंत तलंगा आणि कोंबडे उकिरड्यावर पोचलेले असतात आणि पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून किडे वर येतात.