मॉरिशसला निघण्यापूर्वी : तयारी आणि थोडा भूगोल

पालकहो आणि शिक्षक मित्रहो, मुलांना घेऊन मॉरिशसला जायचा बेत असेल, तर बॅगा भरण्याआधी त्यांना नकाशा उघडायला सांगा. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर, तर मॉरिशस साधारण 20 अंश दक्षिण अक्षांशावर. म्हणून ऋतू उलटे! आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे हिवाळा लागत असतो. क्युरपीपसारख्या उंचावरच्या गावात गारवा आणि पाऊस असतो, तेव्हा स्वेटर हवाच. नाताळात मात्र तिकडे उन्हाळा.

हा उन्हाळा म्हणजेच चक्रीवादळांचा काळ, मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. तिथे वादळाचे इशारे 1 ते 4 अशा क्रमाने देतात. आकडा वाढला की धोका वाढला. पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, टॉर्च, औषधं आधीच जवळ ठेवा. इशारा 4 असताना बाहेर पडायचंच नाही. आणि वारा एकदम थांबला तर? वादळाचा ‘डोळा’ डोक्यावर आलेला असू शकतो. तो सरकला की वारा उलट दिशेने पुन्हा तितक्याच जोराने सुटतो. म्हणून सरकारी सूचना येईपर्यंत मुलांना अंगणातही सोडू नका.

समुद्राचंही तसंच. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे. लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी शांत राहतं. दक्षिणेला ग्री-ग्री इथे मात्र हे कडं तुटलेलं आहे. लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. तिथे फक्त बघायचं, पोहायचं नाही. उथळ पाण्यातही पायात रबरी तळाचे बूट हवेत, कारण दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश तळाशी पडून असतो. काटा रुतलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

कागदपत्रांत पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याच्या ठिकाणाचं बुकिंग ठेवा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. फळं, बिया, रोपं नेऊ नका. चलनाचं नाव रुपयाच, पण तो आपला रुपया नव्हे. घड्याळ दीड तास मागे करा.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मुलांना जरूर दाखवा. 1834 पासून भारतातून आलेले करारबद्ध मजूर इथेच उतरत. त्यांत मराठी माणसंही होती. म्हणूनच आज गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. जाण्याआधी हा धडा वर्गात जरूर घ्या.